‘जॉज’चा पहिला तास आपण विसरलो

मागच्या महिन्यात माझ्या भाच्याला ‘जॉज’ दाखवला, स्टीव्हन स्पीलबर्गचा १९७५ चा शार्कवरचा सिनेमा. सोळा वर्षांचा आहे, भरपूर सिनेमे बघतो, आणि पन्नासेक मिनिटं झाल्यावर तो म्हणाला, मामा, शार्क कधी येणार, ही माणसं नुसत्या मीटिंगाच घेतायत. मी तेव्हा काही बोललो नाही कारण हे त्याचं एकट्याचं मत नाहीये, गेली कित्येक वर्षं मी हे ऐकतोय, ऑफिसात, मित्रांच्यात, घरी. पहिला भाग स्लो आहे, शार्क रबराचा वाटतो, समुद्रात बोट गेल्यावर खरा सिनेमा सुरू होतो, असं बरेच जण म्हणतात. ज्यांना सिनेमा आवडतो तेही याचीच दुसरी बाजू सांगतात, की शार्क दाखवत नाहीत म्हणूनच भीती वाटते, बघा काय डायरेक्शन आहे. आणि तिसरा गट म्हणतो या सिनेमाने शार्कची बदनामी केली, हजारो मुके जीव मेले, आता तो दाखवायलाच नको.

तिन्ही मतांत थोडंथोडं खरं आहे, पण तिन्ही मतं शार्कभोवतीच फिरतात. दिसतो का, नीट दिसतो का, त्याच्यावर अन्याय झाला का. माझं म्हणणं असं आहे की ‘जॉज’चा पहिला तास शार्कबद्दल नाहीच, तो एका गावाबद्दल आहे, ज्या गावाला पाण्यात काय आहे हे कळलंय आणि तरी त्याने किनारा उघडा ठेवलाय. सिनेमाने हा प्रश्न फार प्रामाणिकपणे मांडला आणि मग दुसऱ्या भागात स्वतःच तो सोडून दिला, आणि आपण प्रेक्षकांनी थिएटरबाहेर पडताना नेमका दुसरा भाग बरोबर घेतला. पुढे जे काही झालं, शार्कचं आणि आपलंही, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

पहिल्यांदा तो फेरीबोटीवरचा सीन आठवा. रात्री पोहायला गेलेली क्रिसी नावाची मुलगी मेलीय, तिचं उरलंसुरलं शरीर वाळूत सापडलंय, पोलिस चीफ ब्रोडीने टाइपरायटरवर कारण म्हणून शार्कचा हल्ला असं लिहिलंय, आणि तो दुकानातून बोर्ड बनवायचं सामान घेऊन किनारा बंद करायला निघालाय. तेवढ्यात फेरीबोटीवर त्याला गाठायला मेयर येतो, पेपरचा संपादक येतो, आणि ज्या डॉक्टरने मघाशी फोनवर शार्क असं सांगितलं तोच डॉक्टर येतो. आरडाओरडा नाही, धमकी नाही. मेयर त्याच्याजवळ उभा राहून समजुतीच्या सुरात सांगतो की अरे, दुसऱ्या कुठल्या माशाचं नाव घेतलं तर लोक लक्षही देणार नाहीत, पण शार्क म्हणालास की चार जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत, इथे एक माणूस फिरकणार नाही. डॉक्टर म्हणतो माझीच चूक झाली, बोटीच्या पंख्याने झालं असेल, रिपोर्ट बदलू. हे सगळं एकाच लांब शॉटमध्ये होतं, कॅमेरा कट करत नाही, फेरीबोट पुढे सरकते, मागचा किनारा हळूहळू फिरतो, आणि ब्रोडी गप्प होतो. मला अख्ख्या सिनेमात सगळ्यात भीतीदायक सीन कुठला विचाराल तर हा. कारण या पद्धतीनं बोलणारी माणसं आपण बघितलेली असतात. खोटं बोल असं कोणी कोणाला सांगत नाही, फक्त जरा दमानं घे म्हणतात, आणि कागदावरचा एक शब्द बदलतो.

ब्रोडी गप्प का होतो हेही सिनेमाने दाखवलंय. तो न्यूयॉर्कहून आलेला, या बेटावरचा त्याचा पहिलाच उन्हाळा, पाण्याला घाबरणारा माणूस. त्याची बायको किनाऱ्यावर एका बाईला विचारते की आम्ही इथले कधी होणार, तर उत्तर मिळतं की कधीच नाही, इथे जन्मलेला तोच इथला. बाहेरचा माणूस, नवीन नोकरी, दोन लहान मुलं. अशा माणसाने गावाच्या सीझनच्या विरोधात उभं राहायचं म्हणजे काय हे ज्यांनी परक्या गावात नोकरी केलीय त्यांना वेगळं सांगायला नको.

आता एक गोष्ट, जी मला वाटतं फार कमी लोक लक्षात घेतात. पीटर बेंचलीची मूळ कादंबरी १९७४ ची, तिच्यात मेयर माफियाच्या पैशात अडकलेला आहे. म्हणजे किनारा उघडा ठेवायला त्याच्यावर गुंडांचा दबाव आहे, जमिनीचे व्यवहार आहेत. सिनेमात ते सगळं काढून टाकलं. समुद्रशास्त्रज्ञ हूपर आणि ब्रोडीच्या बायकोचं प्रकरणही काढलं, त्याबद्दल सगळे बोलतात, पण माफिया काढल्याबद्दल कोणी बोलत नाही. माफिया होता तोपर्यंत ती एका वाईट माणसाची गोष्ट होती, बाहेरून कोणीतरी नासवलेल्या गावाची. माफिया गेल्यावर उरलं काय तर फक्त सीझन. मोटेल, हॉटेल, दुकानं, उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत वर्षभराचं कमवायचं, बास. मेयर काही राक्षस नाही, गावाला जे हवं होतं तेच तो करत होता. मरे हॅमिल्टन या नटाने हा मेयर व्हॉन असा उभा केलाय की त्याचा राग येतानाच तो ओळखीचाही वाटतो, तो नांगरांच्या नक्षीचा कोट घालून हसत हसत फिरणारा, प्रत्येकाला नावाने हाक मारणारा.

फेरीबोटीनंतर लगेच तो किनाऱ्यावरचा सीन. भाच्याला मी इथे मोबाईल ठेवायला लावला. ब्रोडी वाळूत बसलाय, समोरून माणसं जातायत आणि प्रत्येक माणूस पडद्यावरून आडवा गेला की कट, आपण ब्रोडीच्या जरा जवळ जातो, असं दोन-तीनदा. लोक येऊन त्याच्याशी पार्किंगच्या तक्रारी बोलतायत आणि त्याचं लक्ष सगळं पाण्याकडे. एक कुत्रा काठी आणायला पाण्यात जात होता, मग मालक हाका मारतोय आणि नुसती काठी तरंगतेय. मग अ‍ॅलेक्स किंटनर, पिवळ्या तराफ्यावरचा लहान मुलगा. शार्क मारतो तेव्हा कॅमेरा पुढे सरकतो आणि त्याच वेळी लेन्स झूम आउट होते, ब्रोडीचा चेहरा तिथेच राहतो आणि मागचं जगच ताणलं जातं, हा शॉट फिल्मच्या कोर्समध्ये शिकवतात. पण शिकवताना तंत्र सांगतात आणि खरी गोष्ट राहून जाते. ब्रोडीला धक्का बसतो तो शार्क दिसला म्हणून नाही, शार्क आहे हे त्याला माहितीच होतं. पाण्यात इतकी माणसं असताना आपण गप्प बसलो होतो, हे त्या क्षणी त्याच्या अंगावर येतं.

व्हर्ना फील्ड्सच्या एडिटिंगला ऑस्कर मिळालं ते याच कामासाठी असं मी म्हणेन, आणि ते पूर्ण रास्त होतं. जॉन विल्यम्सच्या संगीतालाही मिळालं, साऊंडलाही. त्या संगीताची एक गंमत, दोन सुरांची ती धून सगळ्यांना पाठ आहे पण ती कधी वाजत नाही ते बघा. दोन पोरं शार्कसारखा पुठ्ठ्याचा पंख लावून किनाऱ्यावर घाबरगुंडी उडवतात तेव्हा धून नाही. सिनेमा आपल्याला तिथे फसवत नाही. ज्याला ऐकायचंय त्याला कळतं की हा धोका खोटा आहे. आणि त्याच वेळी पलीकडच्या खाडीत, जिथे ब्रोडीचा स्वतःचा मुलगा आहे, तिथे खरा शार्क शिरलेला असतो.

गावातल्या सभेचा सीनही असाच. मुलगा मेल्यानंतरची सभा आहे, लक्षात घ्या. ब्रोडी किनारा बंद करायचा म्हणतो आणि हॉलमध्ये गलका होतो, मेयर लगेच फक्त २४ तास म्हणून मोकळा होतो. तिथे माफिया नाही, गुंड नाही, दुकानदार आहेत, एक मोटेलवाली बाई आहे. सगळी भली माणसं. यातल्या एकाचंही पोर पाण्यात पाठवायचा कोणाचा विचार नसतो, पण दुसऱ्याचं पोर म्हणजे टुरिस्ट. शार्क मारणारा कोळी क्विंट फळ्यावर नखं ओढतो आणि १०,००० डॉलर मागतो तो सीन लोकांना आठवतो, त्याच्या आधीचा गलका आठवत नाही.

आणि मग ती थप्पड. मिसेस किंटनर काळे कपडे घालून धक्क्यावर येते, सगळे बघतायत, आणि ती ब्रोडीच्या थोबाडीत मारते. ती मेयरला मारत नाही. ती म्हणते मला आत्ता कळलं की आठवड्यापूर्वी एक मुलगी मेली होती, तुम्हाला माहिती होतं, आणि तरी तुम्ही लोकांना पोहायला जाऊ दिलंत. मेयर नंतर ब्रोडीला म्हणतो, तिचं चुकलं. ब्रोडी म्हणतो, नाही, तिचं चुकलं नाही. मला मसाला सिनेमे खूप आवडतात पण मी छातीठोकपणे सांगतो की हिरोला अशा जागी उभा करायची हिंमत फार थोडे सिनेमे करतात. आपला हिरो निर्दोष नाही, त्याने सही केलीय.

ती आई झालेली नटी ली फिएरो अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावरचीच होती, जिथे सिनेमा शूट झाला, तिथल्या नाटकमंडळीत तिने आयुष्यभर काम केलं, मुलांना नाटक शिकवलं. एप्रिल २०२० मध्ये ९१ व्या वर्षी कोविडच्या गुंतागुंतीने ती गेली. तेच दिवस होते जेव्हा जगभर लोक आपापल्या पुढाऱ्यांची त्या मेयरशी तुलना करत होते, बाजार उघडायचा की बंद ठेवायचा यावर भांडत होते. ही बातमी वाचल्यावर मी बराच वेळ काही केलं नाही, गप्प बसून राहिलो.

थप्पडीच्या आधी तिथे काय चाललं होतं? शार्क पकडल्याचा जल्लोष. बक्षिसासाठी गावोगावचे लोक बोटी घेऊन आले होते आणि त्यांनी एक टायगर शार्क मारून धक्क्यावर उलटा टांगला होता, फोटो काढत होते. हूपर, तो समुद्रशास्त्रज्ञ, माप घेऊन सांगतो की याच्या जबड्याचं माप जखमेशी जुळत नाही, हा तो नव्हे, पोट फाडून बघू. मेयर म्हणतो इथे सगळ्यांसमोर त्या पोराचे अवशेष बाहेर पडलेले मला बघायचे नाहीत. ऐकायला किती माणुसकीचं वाटतं! रात्री ब्रोडी आणि हूपर चोरून जाऊन पोट फाडतात, आत मासे निघतात, लुईझियानाची गाडीची नंबरप्लेट निघते, मुलगा नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी. पण गावाला संन्याशीच हवा होता, कारण त्याला सुळी दिली की किनारा उघडता येतो.

हा टांगलेला टायगर शार्क डोक्यात ठेवा, मला त्याच्याकडे परत यायचंय.

आता रबराच्या शार्कबद्दल, कारण हे मत मी झटकून टाकत नाही. शार्क काही सीन्समध्ये रबरी वाटतो हे खरं आहे, शेवटी तो बोटीवर चढतो तेव्हा तर दिसतंच. स्पीलबर्ग तेव्हा २७ वर्षांचा होता आणि त्याने हट्ट धरला की शूटिंग टाकीत नाही, खऱ्या अटलांटिक समुद्रात करायचं. यांत्रिक शार्क तीन बनवले होते, त्यांना सेटवर ब्रूस म्हणायचे, त्याच्या वकिलाचं नाव. खाऱ्या पाण्याने त्यांची वाट लावली, ५५ दिवसांचं शूटिंग १५९ दिवसांवर गेलं, बजेट दुपटीच्या वर गेलं. म्हणून शार्कच्या ऐवजी पिवळी पिंपं, तुटलेला धक्का, संगीत आणि पाण्याखालून वर बघणारा कॅमेरा. शार्क नीट दिसतो तो जवळजवळ एक तास वीस मिनिटांनी. यावरून लोक म्हणतात की नशिबाने सिनेमा चांगला झाला. मला हे मत पटत नाही. यंत्र बिघडल्यावर रिकामी जागा कोणालाही मिळाली असती, त्या जागेत काय भरायचं हे नशीब ठरवत नाही. त्यांनी त्या जागेत माणसं भरली. थप्पड खाऊन घरी आलेला ब्रोडी जेवणाच्या टेबलावर सुन्न बसलाय आणि त्याचा धाकटा मुलगा त्याच्या प्रत्येक हालचालीची नक्कल करतोय, बाप हात डोक्याला लावतो की तोही लावतो, बाप म्हणतो एक पापी दे, का तर मला गरज आहे. हा सीन शार्क चालू असता तर कदाचित कापला गेला असता. आणि ज्याला तो स्लो वाटतो त्याला मी इतकंच म्हणेन की परत बघ, बाप झाल्यावर बघ.

मग इंटरव्हलनंतर, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने इंटरव्हल, ब्रोडी, हूपर आणि क्विंट ही तीन माणसं क्विंटच्या ऑर्का बोटीवर बसून समुद्रात जातात आणि गाव मागे राहतं. दुसरा भाग मला जीव ओवाळावा इतका आवडतो. रॉय शायडर, रिचर्ड ड्रायफस, रॉबर्ट शॉ, तिघांची ती कोंदट केबिन, जखमांचे व्रण दाखवायची चढाओढ, दारू पिऊन गायलेलं गाणं. पण गाव मागे राहतं ते राहतंच. हॉस्पिटलमध्ये मेयर थरथरत म्हणतो की माझीही मुलं त्या किनाऱ्यावर होती, क्विंटच्या कागदावर सही करतो, आणि सिनेमातून निघून जातो. त्याला पुन्हा कोणी काही विचारत नाही. त्या आईचं पुढे काय झालं, दिसत नाही. डॉक्टरने रिपोर्ट परत बदलला का, माहिती नाही. शेवटी ब्रोडी शार्कच्या तोंडातल्या हवेच्या नळकांड्यावर गोळी झाडतो, शार्कच्या चिंधड्या होतात, थिएटर टाळ्यांनी भरून जातं आणि हिशोब मिटला असं सगळ्यांना वाटतं. कुठला हिशोब मिटला? मासा मेला. किनारा उघडा ठेवणारे सगळे किनाऱ्यावरच आहेत.

आणि माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठा पुरावा १९७८ च्या ‘जॉज २’ या सीक्वलमध्ये आहे. सिनेमा म्हणून तो पहिल्याच्या जवळपासही नाही, पण त्यात मेयर कोण आहे बघा. तोच! तोच व्हॉन, तोच नट, अजून मेयर. आणि ब्रोडी परत शार्क आहे म्हणून सांगतो तर गावाची कौन्सिल त्यालाच नोकरीवरून काढते. लिहिणाऱ्यांनी सीक्वलची सोय म्हणून केलं असेल, पण मला ते पहिल्या सिनेमाचं खरं उत्तर वाटतं.

आता बाहेर काय झालं त्याकडे येतो. २० जून १९७५ ला सिनेमा लागला, अमेरिकेत एकदम चारशेच्या वर थिएटरांत, टीव्हीवर जाहिरातींचा मारा करून, उन्हाळ्यातला ब्लॉकबस्टर ही कल्पनाच तिथून रुजली. लोक पाण्यात पाय घालायला घाबरायला लागले. ती भीती एका सीझनपुरती असती तर हरकत नव्हती. पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शार्क मारायच्या स्पर्धांना जोर आला, मोठा शार्क धक्क्यावर टांगून फोटो काढणं मर्दुमकी झाली. म्हणजे लोकांनी सिनेमातून काय उचललं? धक्क्यावरचा तो टांगलेला टायगर शार्क, जो सिनेमात मूर्खपणाचं उदाहरण म्हणून दाखवला होता! बेंचलीला याचं इतकं वाईट वाटलं की त्याने पुढचं आयुष्य शार्क वाचवायच्या कामात घातलं, २००६ मध्ये तो गेला तोपर्यंत. स्पीलबर्गनेही २०२२ च्या डिसेंबरमध्ये बीबीसी रेडिओवर सांगितलं की पुस्तकामुळे आणि सिनेमामुळे शार्कची जी कत्तल झाली त्याचा मला आजही खरोखर पश्चात्ताप होतो. मला त्या दोघांबद्दल आदर आहे, इतकं यश मिळाल्यावर असं बोलायला मन लागतं.

पण इथे तिसऱ्या गटाशी, सिनेमा दाखवूच नका म्हणणाऱ्यांशी, माझं भांडण आहे. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या अभ्यासानुसार खुल्या समुद्रातले शार्क आणि पाकट यांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली आहे. वर्षाला दहा कोटींच्या आसपास शार्क माणसाच्या हातून मरतात असा २०१३ चा एक अंदाज आहे. आणि शार्कच्या हल्ल्यात जगभर वर्षाला साधारण पाच-सहा माणसं जातात. हे दहा कोटी कोणी ‘जॉज’ बघून मारत नाही हो. ते मैलोन्मैल लांब गळांच्या दोऱ्यांना लागतात, ट्रॉलरच्या जाळ्यात येतात, त्यांच्या पंखांचं सूप होतं, मांस विकलं जातं. म्हणजे परत धंदा, परत सीझन, परत भली माणसं. सगळा दोष एका सिनेमावर टाकणं म्हणजे सिनेमालाच धक्क्यावर उलटा टांगून फोटो काढण्यासारखं आहे. सिनेमाचा वाटा आहे, स्पीलबर्गने मान्य केलाय, पण जबड्याचं माप जुळत नाही.

ऑस्ट्रेलियातलं उदाहरण बघा. पश्चिम ऑस्ट्रेलियात तीन-चार वर्षांत शार्कच्या हल्ल्यांत बरेच लोक गेले तेव्हा तिथल्या सरकारने २०१४ च्या जानेवारीपासून किनाऱ्याजवळ आमिष लावलेले गळ टाकले. हल्ल्यांचा संशय होता ग्रेट व्हाइट शार्कवर, ‘जॉज’मधल्याच जातीवर. एप्रिलपर्यंत १७२ शार्क लागले, त्यातले १६३ टायगर शार्क निघाले, ग्रेट व्हाइट एकही नाही. एकही नाही! हजारो लोक किनाऱ्यांवर जमून याच्या विरोधात उभे राहिले, तिथल्या पर्यावरण प्राधिकरणाने विरोधात सल्ला दिला आणि मग ते थांबलं. सिडनी युनिव्हर्सिटीच्या ख्रिस्तोफर नेफ या अभ्यासकाने या सगळ्या राजकारणाला ‘जॉज इफेक्ट’ असं नाव दिलंय, म्हणजे पुढारी सिनेमातली गृहीतकं धोरण म्हणून वापरतात, शार्क मुद्दाम माणसाच्या मागे लागतो, मारणं हाच उपाय आहे वगैरे. नेफचं म्हणणं मला मान्य आहे, मी फक्त एवढं जोडेन की ही गृहीतकं दुसऱ्या भागातली आहेत. पहिला तास नीट बघितलेला मंत्री टायगर शार्क टांगायच्या आधी शंभर वेळा विचार करेल, कारण हेच तर त्याने पडद्यावर बघितलेलं असेल.

आपल्या किनाऱ्याचं थोडं वेगळं आहे. कोकणात शार्क म्हणजे मुशी, मोरी, बाजारातली मासळी, मालवणी घरांत मोरीचं मटण होतं, मच्छीमाराला त्याची दहशत नाही, सवय आहे. भीती आपल्याला पडद्यावरून आली. जगात सगळ्यात जास्त शार्क पकडणाऱ्या देशांत भारताचा नंबर वरचा आहे हे मात्र आपल्या बोलण्यात नसतं. २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात वैतरणेच्या खाडीत एका तरुणाच्या पायाला शार्कने चावा घेतला तेव्हा माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाच्या तोंडी पहिलं नाव या सिनेमाचं होतं. त्या माणसाचं पुढे काय झालं, उपचाराचा खर्च कोणी केला, तिथे रोज पाण्यात उतरणाऱ्यांना कोणी आधी काही सांगितलं होतं का, हे विचारणारा मला एकही भेटला नाही. मीही विचारलं नव्हतं.

म्हणून मेयरवरच्या विनोदांचंही मला पूर्ण समाधान वाटत नाही. कोविडमध्ये सगळ्यांनी त्याची चित्रं फिरवली, हा बघा आपला पुढारी. ब्रिटनचे बोरिस जॉन्सन तर पंतप्रधान व्हायच्या कितीतरी आधी जाहीर बोलले होते की ‘जॉज’चा खरा हिरो मेयर आहे, आणि लोकांना तेव्हा ते चटकदार वाटलं होतं. मेयरला नावं ठेवणं बरोबरच आहे. पण तो एकटा व्हिलन असता तर ती आई त्याला मारून गेली असती. सभेत गलका करणारे, रिपोर्ट बदलणारा डॉक्टर, बक्षिसाची जाहिरात आतल्या पानावर नेणारा संपादक, सही करणारा चीफ, आणि चार जुलैला मेयरने आग्रह केल्यावर सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरणारं ते कुटुंब, इतकी माणसं लागतात एक किनारा उघडा ठेवायला.

दुसऱ्या भागात एकच जागा अशी आहे जिथे पहिल्या तासाचा प्रश्न परत येतो, आणि ती म्हणजे रात्री क्विंटने सांगितलेली ‘इंडियानापोलिस’ जहाजाची गोष्ट. ते खरं जहाज होतं. हिरोशिमाच्या बॉम्बचे भाग टिनियन बेटावर पोचवून पुढे जाताना ३० जुलै १९४५ ला जपानी पाणबुडीने बुडवलं. क्विंट तारीख चुकीची सांगतो, पण बाकी अंगावर काटा येतो. जवळपास ९०० माणसं पाण्यात पडली, चार दिवस तरंगत होती, वाचली ३१६. शार्कने किती मारली हे कोणी नक्की सांगू शकत नाही, ऊन, तहान आणि खारं पाणी यांनी फार मारली. जहाज वेळेवर पोचलं नाही हे नौदलाच्या लक्षातच आलं नाही. आणि मग नौदलाने काय केलं, तर कॅप्टन मॅकव्हे यांच्यावर कोर्ट मार्शल चालवलं, जहाज नागमोडी चालवलं नाही म्हणून. ज्या जपानी कमांडरने टॉर्पेडो मारला त्याने कोर्टात येऊन सांगितलं की नागमोडी चालवलं असतं तरी मी बुडवलं असतं, तरीही शिक्षा झाली. १९६८ मध्ये मॅकव्हे यांनी आत्महत्या केली.

फ्लोरिडातल्या एका अकरा-बारा वर्षांच्या शाळकरी मुलाने हा सिनेमा बघितला. क्विंटची गोष्ट ऐकून त्याने शाळेच्या इतिहासाच्या प्रोजेक्टला हाच विषय घेतला, वाचलेल्या खलाशांना पत्रं लिहिली, फोन केले, कागद जमवले. ते प्रकरण वाढत वाढत अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेलं, तो मुलगा म्हातारे खलाशी बरोबर घेऊन तिथे साक्ष द्यायला गेला, आणि २००० साली काँग्रेसने ठराव करून कॅप्टन मॅकव्हे यांना दोषमुक्त केलं.

भाच्याला हे मी सिनेमा संपल्यावर सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग रिमोट घेऊन त्याने सिनेमा मागे नेला, फेरीबोटीपर्यंत.